एक पोथी, दोन वाचने

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

हिंदी सिनेमातला ‘गरिबांचा मसीहा’ आपल्या चांगला ओळखीचा आहे. तो संकटात धावून येतो, दुष्टांचा बंदोबस्त करतो आणि सगळे मार्गी लावून निघून जातो. मसीहा हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला, पण त्याचे माहेर हिब्रू भाषेत आहे. मूळ शब्द ‘माशिआह’. त्याचा शब्दार्थ तारणारा नाही, देवाचा अवतार नाही आणि चमत्कार करणाराही नाही. ‘ज्याच्या डोक्यावर तेल ओतले आहे असा’, एवढाच त्याचा साधा अर्थ. प्राचीन इस्राएलात राजा गादीवर बसताना किंवा मुख्य याजकाची नेमणूक होताना तेलाने अभिषेक करीत. तेव्हा माशिआह म्हणजे अभिषिक्त. ग्रीक भाषेत या शब्दाचे भाषांतर ‘ख्रिस्तोस’ असे झाले आणि त्यावरून आपला ‘ख्रिस्त’ आला. म्हणजे येशू ख्रिस्त हे काही नाव आणि आडनाव नव्हे. येशू हाच तो अभिषिक्त, असे ते दोन शब्दांतले विधान आहे.

हे विधान ज्यूंना मान्य नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात या मुद्द्यावर वाद चालत आला आहे. नवल असे, की दोघेही आपला पुरावा एकाच ग्रंथातून काढतात. तेच अध्याय, तेच संदेष्टे, पुष्कळदा तोच शब्द. एक म्हणतो, पाहा, इथे स्पष्ट लिहिले आहे. दुसरा म्हणतो, कुठे लिहिले आहे? आज मला बोलायचे आहे ते या वादाविषयी. आपल्याला हा प्रकार अगदीच परका वाटू नये. एकाच गीतेतून शंकराचार्यांनी संन्यास काढला आणि लोकमान्यांनी कर्मयोग काढला. फरक इतकाच, की आपल्याकडच्या या मतभेदासाठी कुणाला देश सोडावा लागला नाही. तिकडे तो सोडावा लागला.

आधी ग्रंथाकडे पाहू. ख्रिस्ती लोक ज्याला ‘जुना करार’ म्हणतात, त्याला ज्यू तसे म्हणत नाहीत. जुना म्हटले की नवा आलाच, आणि नवा करार त्यांना मान्य नाही. ते आपल्या ग्रंथाला ‘तनाख’ म्हणतात. प्रॉटेस्टंट जुना करार आणि तनाख यांतला मजकूर बहुतांशी तोच, पण पुस्तकांचा क्रम निराळा आहे. जुन्या कराराच्या शेवटी मलाखी या संदेष्ट्याचे पुस्तक येते. देव एलीया संदेष्ट्याला पुन्हा पाठवील असे आश्वासन देऊन ते संपते. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते आणि येशूची वंशावळ वाचायला मिळते. वाचणाऱ्याला सहजच वाटते, की ज्याची वाट पाहत होतो तो आला. तनाखमध्ये मात्र शेवटी ‘इतिहास’ हे पुस्तक येते. त्याच्या अखेरीस इराणचा सम्राट कोरेश, म्हणजे सायरस, ज्यूंना स्वदेशी परत जाऊन मंदिर बांधण्याची मोकळीक देतो. इथे पुस्तक मिटते. वाट पाहणे आहेच, पण ती घरी परतण्याची. तीच फुले एकाने एका क्रमाने ओवली, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि हार निराळा झाला.

या सायरसचे नाव ध्यानात ठेवावे. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि दावीद राजाचा वंश गादीवरून कायमचा उतरला. पुढे इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये सायरसने बाबिलोन घेतले आणि ज्यूंचा परतीचा रस्ता खुला झाला. यशयाच्या ग्रंथात या परक्या, परधर्मी सम्राटाला देवाचा अभिषिक्त, म्हणजे चक्क ‘माशिआह’ म्हटले आहे! यावरून त्या काळी हा शब्द किती व्यापक आणि किती जमिनीवरचा होता ते कळते. पण दावीदाच्या घराण्याला देवाने दिलेले वचन लोक विसरले नव्हते. राजा गेला, राज्य गेले, मग वचनाचे काय? ते पुढे पुरे होईल, याच वंशातून एक न्यायी राजा उभा राहील, अशी आशा हळूहळू घट्ट होत गेली. गमावलेल्या राज्याच्या दुःखातून ‘येणाऱ्या’ मसीहाची कल्पना वाढली. राजाच नसता तर ही कल्पना जन्मली नसती, आणि राजा टिकला असता तर ती वाढली नसती.

आता वादाचा पहिला प्रसिद्ध मुद्दा. यशयाच्या सातव्या अध्यायातला हा प्रसंग इसवी सनापूर्वी साधारण ७३४ चा आहे. यहूदाचा राजा आहाज घाबरला आहे, कारण उत्तरेचे दोन राजे, दमास्कसचा आणि इस्राएलचा, एकत्र येऊन त्याच्यावर चाल करीत आहेत. यशया त्याला धीर देतो आणि देवाकडून खूण सांगतो. एक स्त्री पुत्राला जन्म देईल, त्याचे नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्याबरोबर’, असे ठेवले जाईल, आणि त्या मुलाला बरेवाईट कळू लागण्याआधीच या दोन्ही राजांचा मुलूख ओसाड पडेल. प्रसंग हा असा.

त्या स्त्रीसाठी हिब्रूत शब्द आहे ‘अल्मा’. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुणी. कौमार्य असा नेमका अर्थ सांगायचा असेल तर हिब्रूत सहसा ‘बेतुला’ हा शब्द येतो. पण येशूच्या आधीच्या शतकांत इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरी ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंसाठी धर्मग्रंथांचे भाषांतर होऊ लागले. त्यात यशयाच्या भाषांतरकाराने अल्मासाठी ‘पार्थेनोस’ हा शब्द घातला. पार्थेनोस म्हणजे बहुधा कुमारिका. मत्तयाने आपले शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिले, हे वचन तिथे उद्धृत केले आणि ते मरियेच्या पोटी येशूच्या जन्माने पुरे झाले असे सांगितले.

दोन्ही बाजूंचे वकील किती तयारीचे होते पाहा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती विद्वानाने ट्रायफो नावाच्या ज्यूशी झालेला संवाद लिहून ठेवला आहे. ट्रायफो म्हणतो, मूळ शब्द कुमारिका नाहीच, तरुणी आहे, आणि हे वचन आहाजचा मुलगा हिज्कीया याच्याविषयी आहे. जस्टिन विचारतो, तरुणीला मूल झाले यात खूण कसली? ते तर रोजच होते. प्रश्न बिनतोड वाटतो. ज्यू टीकाकारांचे उत्तरही तितकेच बिनतोड आहे. खूण जन्मात नाही, मुदतीत आहे. मूल समजते होण्याआधी शत्रू नाहीसे होतील, ही ती खूण. शत्रू दारात उभा असलेल्या राजाला सातशे वर्षांनंतरच्या जन्माचा काय दिलासा? दमास्कस इसवी सनापूर्वी ७३२ मध्ये खरोखरच पडले. मग हिज्कीयाचे काय? हिशेब मांडला तर त्या वेळी हिज्कीयाचा जन्म आधीच झालेला होता. म्हणून फ्रान्समधला थोर ज्यू भाष्यकार राशी (१०४०–११०५) हिज्कीयाचे नाव बाजूला ठेवतो आणि म्हणतो, ही अल्मा म्हणजे यशयाची स्वतःची पत्नी. आपल्याच पक्षाचा सोयीचा अर्थ तपासून टाकून देणे, हा टीकाकाराचा प्रामाणिकपणा मला मोठा वाटतो.

ग्रीक शब्दाची बाजूही वाटते तितकी सरळ नाही. याच ग्रीक भाषांतरात ‘उत्पत्ति’ या पुस्तकात दीना नावाच्या मुलीवर बलात्कार होतो आणि त्यानंतरही तिला ‘पार्थेनोस’च म्हटले आहे. म्हणजे हा शब्दही काही ठिकाणी नुसत्या तरुण मुलीसाठी वापरत. मराठी बायबलमध्ये या जागी ‘कुमारी’ शब्द आहे. आपल्या लग्नपत्रिकेतली चि. सौ. कां. आणि शाळेच्या हजेरीपटावरची कु. आठवली, म्हणजे ‘कुमारी’ हा शब्दही वय, अविवाहितपण आणि कौमार्य या तीन अर्थांमध्ये कसा सहज फिरतो ते लक्षात येईल. भाषांतरकार शब्द निवडतो आणि त्या शब्दावर पुढची हजार वर्षे लोक भांडतात.

दुसरा मुद्दा याहून खोल आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात देवाच्या एका ‘सेवका’चे वर्णन येते. तो रूपाने साधा आहे, लोक त्याला तुच्छ मानतात, त्याच्याकडे पाहून तोंड फिरवतात. दुसऱ्यांच्या अपराधांचे ओझे तो वाहतो. कसायाकडे नेल्या जाणाऱ्या मेंढरासारखा तो मुकाट राहतो, मरतो, आणि अखेर देव त्याला उंच स्थान देतो. येशूच्या क्रूसावरील मृत्यूची कथा ज्याला माहीत आहे त्याला हा अध्याय वाचताना दुसरे काही आठवणेच कठीण आहे. नव्या करारात एक सुंदर प्रसंग आहे. इथिओपियाच्या राणीचा एक अधिकारी रथात बसून नेमके हेच वाचत चालला आहे. तो फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे कुणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कुणाविषयी? फिलिप्प त्याला येशूची कथा सांगतो. या अध्यायाविषयी विचारायचा खरा प्रश्न त्या अधिकाऱ्याने पहिल्या शतकातच विचारून ठेवला आहे.

ज्यूंचे उत्तर असे, की हा सेवक म्हणजे इस्राएल, म्हणजे आमचा समाज. आधीच्या अध्यायांत देव इस्राएललाच ‘माझा सेवक’ म्हणून हाक मारतो, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि त्रेपन्नाव्या अध्यायात बोलणारे कोण? तर जगातले राजे आणि राष्ट्रे. ज्यांना आपण तुडवले त्यांचे खरे मोल कळल्यावर ते थक्क होऊन बोलत आहेत. ख्रिस्ती पक्षाचा प्रश्न असा, की सेवक लोकांच्या पापासाठी मरतो असे म्हटले आहे. मग लोक आणि सेवक एकच कसे? तोही प्रश्न खोटा नाही.

हा समाजपर अर्थ राशीने नव्याने शोधला असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे नाही. इसवी सन २४८ च्या सुमारास ऑरिजेन या ख्रिस्ती पंडिताने लिहून ठेवले आहे, की ज्यू विद्वानांशी वाद करताना त्यांनी हा अध्याय देशोदेशी विखुरलेल्या आपल्या समाजाला लावून दाखवला. उलट ज्यूंच्या तालमूद ग्रंथात हेच वर्णन मसीहाला लावलेलेही सापडते. तेव्हा एक बाजू म्हणजे एक अर्थ, असे कधीच नव्हते. पण राशीच्या काळी समाजपर अर्थाला धार आली. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसेडच्या निमित्ताने निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स या शहरांत ज्यूंची कत्तल केली. राशी तरुणपणी याच दोन शहरांत शिकला होता. मुकाट मेंढराचे वर्णन वाचताना त्याच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहिले असेल, हे सांगायला नको.

मसीहाविषयी ज्यू इतके सावध का, याचेही कारण इतिहासात आहे. त्यांचे हात पोळले होते. इसवी सन १३२ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध बार कोखबा याने बंड केले. रब्बी अकीवासारख्या मोठ्या आचार्याने त्याला मसीहा म्हणून गौरविले. १३५ मध्ये रोमनांनी ते बंड रक्तात बुडवले. पुढे बाराव्या शतकात मैमोनिदीसने नियमच घालून दिला. मसीहा हा माणूस असेल, राजा असेल, त्याने चमत्कार करून दाखवण्याची गरज नाही. त्याने मंदिर पुन्हा बांधावे, विखुरलेल्यांना एकत्र आणावे. जमले तर तो मसीहा. मारला गेला तर तो नव्हे. कसोटी कामाची होती.

आता मी ज्या घटनेकडे येणार होतो ती. जुलै १२६३, बार्सिलोना. अॅरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर एक जाहीर वादसभा भरली. ख्रिस्ती पक्षाकडून उभा राहिला पाब्लो क्रिस्तियानी हा डॉमिनिकन संन्यासी. तो जन्माने ज्यू होता आणि धर्मांतर करून संन्यासी झाला होता. ज्यूंच्या बाजूने राजाने बोलावणे धाडले ते जिरोना गावच्या मोशे बेन नाहमान यांना. नाहमानिदीस या नावाने ते ओळखले जातात. वय सुमारे एकोणसत्तर. वैद्य, भाष्यकार, आपल्या काळातले सर्वांत वजनदार रब्बी. बोलावणे नाकारण्याची सोय नव्हती. हरले तर समाजाचे धर्मांतर, आणि जिंकले तर? राजाच्या धर्माला राजाच्याच दरबारात हरवणे हा विजय परवडणारा नव्हता. त्यांनी एकच अट घातली, की मला मोकळेपणाने बोलू द्यावे. राजाने ती मान्य केली.

पाब्लोची युक्ती नवी होती. पॅरिसमध्ये १२४० साली तालमूदवर खटला भरून दोन वर्षांनी त्याच्या प्रती गाड्या भरभरून जाळल्या होत्या. पाब्लो म्हणाला, जाळू नका, त्याच तालमूदमधून मी सिद्ध करतो की मसीहा येऊन गेला. त्याने एक जुनी आख्यायिका पुढे केली. जेरुसलेमचे मंदिर पडले त्याच दिवशी मसीहा जन्मला, अशी ती कथा. म्हणजे तुमचेच आचार्य सांगतात की तो जन्मला आहे!

नाहमानिदीसने दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. त्याने आधी पायऱ्या स्पष्ट केल्या. आमच्याकडे बायबल आहे, ते पूर्ण मानायचे. तालमूद आहे, तो आचारधर्मासाठी मानायचा. आणि तिसरे आहेत प्रवचनातले दाखले. ते ज्याला पटले त्याने घ्यावेत, नाही पटले तर पाप नाही. आपल्या कीर्तनकाराने उत्तररंगात सांगितलेल्या कथेला कुणी धर्मशास्त्राचा निर्णय मानत नाही, तसेच हे. मग तो म्हणाला, बरे, कथा खरी धरू. मंदिर पडले इसवी सन ७० मध्ये. येशू त्याच्या कितीतरी आधी जन्मला आणि मरणही पावला. मग या कथेतला मसीहा येशू कसा? शिवाय जन्मला म्हणजे ‘आला’ असे नव्हे.

उत्पत्तीच्या एकोणपन्नासाव्या अध्यायातल्या राजदंडाच्या वचनावरही खडाजंगी झाली. यहूदाकडून राजदंड जाणार नाही, तो येईपर्यंत, असा काहीसा त्याचा आशय आहे. पाब्लो म्हणाला, आज तुमच्याकडे राजदंड नाही, त्याअर्थी तो येऊन गेला. नाहमानिदीस म्हणाला, बाबिलोनच्या बंदिवासातही राजदंड नव्हता. हक्क खंडित होतो, संपत नाही. जेव्हा केव्हा राज्य येईल तेव्हा ते यहूदाच्याच वंशाचे असेल, एवढाच अर्थ.

पण माझ्या मते त्या सभेतला सर्वांत धाडसाचा क्षण वेगळाच आहे. मसीहाच्या काळी राष्ट्रे तलवारी मोडून नांगर करतील आणि युद्धविद्या शिकणार नाहीत, असे यशयाने म्हटले आहे. नाहमानिदीसने राजाला विचारले, येशूच्या काळापासून आजवर जग लुटालूट आणि हिंसेने भरलेले नाही काय? आणि महाराज, आपल्याला व आपल्या सरदारांना युद्धविद्या सोडून द्यावी लागली तर किती जड जाईल! हे त्याने सांगितले ते अशा राजाला, ज्याने उभे आयुष्य लढाया मारण्यात घालवले होते. दोन वाचनांमधला गाभ्याचा फरक इथे उघडा पडतो. ख्रिस्ती माणूस एका घडलेल्या घटनेपासून, येशूच्या मरणापासून आणि पुनरुत्थानापासून, मागे वळून ग्रंथ वाचतो, आणि पानोपानी त्याला तीच घटना दिसते. ज्यू माणूस दिलेल्या वचनापासून पुढे वाचतो, खिडकीबाहेर पाहतो आणि म्हणतो, जग तर अजून तसेच आहे.

चार बैठकांनंतर सभा आटोपती घेण्यात आली. शहरातले ज्यू घाबरले होते, ते नाहमानिदीसला थांबण्याची विनवणी करीत होते. नाहमानिदीसच्या स्वतःच्या हकिगतीप्रमाणे राजा म्हणाला, की बाजू चुकीची असून ती इतकी उत्तम मांडणारा माणूस मी पाहिला नाही, आणि त्याने निरोप देताना तीनशे नाणी दिली. लॅटिनमध्ये दुसरी हकिगत आहे. तिच्यात तो हरला असे लिहिले आहे! दोन वाचने ग्रंथाचीच नव्हे, सभेचीही झाली.

त्याच वर्षी राजाने हुकूम काढले. ज्यूंनी संन्याशांची प्रवचने ऐकावीत आणि तालमूदमधला आक्षेपार्ह मजकूर खोडावा. नाहमानिदीसने जिरोनाच्या बिशपच्या विनंतीवरून सभेची हकिगत लिहिली होती. १२६५ मध्ये डॉमिनिकनांनी तिच्यावरून धर्मनिंदेची फिर्याद केली. राजाने म्हटले, बोलण्याची मोकळीक मीच दिली होती. त्याने दोन वर्षांची हद्दपारी आणि पुस्तक जाळणे अशी शिक्षा सुचवली. फिर्यादींना ती कमी वाटली. प्रकरण पोपपर्यंत गेले. अखेर सत्तरी ओलांडलेला तो वृद्ध देश सोडून निघाला आणि १२६७ मध्ये जेरुसलेमला पोचला. तिथून मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने शहराची दैना सांगितली आहे. वस्ती जेमतेम दोन हजार, आणि ज्यू म्हणाल तर फक्त दोघे, रंगारीकाम करणारे भाऊ. शब्बाथला आणखी काहीजण जमून त्यांच्या घरी प्रार्थना होई. १२७० मध्ये नाहमानिदीस तिकडेच वारला.

पुढची वाट उतरणीची होती. १४१३–१४ मध्ये तोर्तोसा इथे अशीच वादसभा झाली. तिच्या एकोणसत्तर बैठका झाल्या. ज्यू रब्बींना महिनोन् महिने घरापासून दूर अडकवून ठेवले आणि इकडे त्यांच्या गावी धर्मांतरे होत राहिली. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलले, १४९७ मध्ये पोर्तुगालने सक्तीने बाटवले.

त्यातलेच काही लोक वरकरणी ख्रिस्ती होऊन गोव्यात आले. ‘कोलोक्विओस’ या औषधी वनस्पतींवरच्या १५६३ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा त्यांपैकी एक. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. १५६८ मध्ये तो वारला. त्यानंतर इन्क्विझिशनने त्याची बहीण कातारिना हिला पकडले आणि १५६९ मध्ये गोव्यात जिवंत जाळले. चौकशीत ओर्ताच्या मेहुण्याने जबानी दिली, की ओर्ता खासगीत मोशेचे नियमशास्त्रच खरे मानी आणि संदेष्ट्यांची भाकिते अजून पुरी व्हायची आहेत असे म्हणे. १५८० मध्ये ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. एका वाक्याचा काळ, भूत की भविष्य, एवढ्याचाही हा गुन्हा होता.

याच गोव्यात १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा येशूच्या आगमनाची पूर्वतयारी म्हणून येते. दोन शतकांनी कोकणातल्या बेने इस्राएलांपर्यंत, आपल्या ‘शनिवार तेल्यां’पर्यंत, स्कॉटिश मिशनरी पोचले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. शाळा निघाल्या, जुना करार मराठीत वाचायला मिळाला. मिशनऱ्यांना वाटले, वचने वाचली की हे लोक येशूकडे येतील. झाले उलटेच. ख्रिस्ती झाले ते फार थोडे. बाकीचे वाचून अधिक जाणते ज्यू झाले. मसीहाची वर्दी देणारा जो एलीया संदेष्टा, त्याचे स्मरण हा समाज आजही मलिद्याच्या विधीत करतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळा गावी ‘एलियाहू हनाबीचा टाप’ दाखवला जातो. इथे सक्ती नव्हती, म्हणून दोन वाचने शेजारी शेजारी राहू शकली.

विसाव्या शतकात वादाचा सूर बदलला. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहेत यशयाची संपूर्ण गुंडाळी सापडली. सव्वासात मीटरहून लांब, येशूच्या आधी सुमारे शतकभर लिहिलेली. तिच्यातही शब्द ‘अल्मा’च आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका नव्या इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी ‘तरुणी’ असे छापले गेले, तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातल्या एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले. २०११ च्या अमेरिकन कॅथलिक आवृत्तीने मात्र ‘तरुणी’ हाच शब्द स्वीकारला. त्यामुळे मरियेच्या कौमार्यावरची कॅथलिकांची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही, कारण ती मुळात एका हिब्रू शब्दावर उभी नव्हती.

दरम्यान युरोपात साठ लाख ज्यूंची हत्या झाली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही असे जाहीर केले. २००१ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने एक पाऊल पुढे टाकले. ज्यूंचे वाचन हेही या ग्रंथाचे एक शक्य वाचन आहे, आणि मसीहाची त्यांची प्रतीक्षा व्यर्थ नाही, असा निर्वाळा त्याने दिला. त्याच सुमारास, सप्टेंबर २००० मध्ये, ज्यू विद्वानांनीही एक निवेदन काढले. हा मतभेद देव साऱ्या जगाचा उद्धार करील तोवर मिटणार नाही, तोवर आपण एकमेकांचा मान राखू, असा त्याचा सूर होता.

मला यातून एक गोष्ट उमजते. अर्थ लावणे हा वाचणाऱ्याचा हक्क आहे. अर्थ लादणे हा नाही. जस्टिन आणि ट्रायफो भांडले, पण निरोप घेताना एकमेकांचे भले चिंतून गेले, कारण त्यांच्यातल्या कुणाच्याही मागे राजदंड नव्हता. बार्सिलोनात तो होता. ग्रंथ तोच, वचने तीच, युक्तिवादही पुष्कळसे तेच. फक्त एका पक्षाच्या पाठीशी सैन्य आले आणि व्याकरणाच्या प्रश्नाची शिक्षा हद्दपारी झाली. यशयाचा सेवक कोण, हे आज मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो समाज असेल, मसीहा असेल, स्वतः संदेष्टाही असेल. पण नाहमानिदीसने राजाला विचारलेला प्रश्न मात्र दोन्ही धर्मांच्या वाचकांना आणि त्यांच्याबाहेरच्या आपल्यालाही लागू आहे. तलवारींचे नांगर अजून व्हायचे आहेत. ते होईपर्यंत मसीहा येऊन गेला असे मानणारे आणि यायचा आहे असे मानणारे, दोघेही वाटच पाहत आहेत.